पुन्हा समेवर केव्हा?

तीन घंटा आहेत. पहिली दर ६ मिनिटांनी वाजते, दुसरी दर ८ मिनिटांनी आणि तिसरी दर १२ मिनिटांनी. सकाळी सातला तिन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम केव्हा वाजतील? शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून नोकरभरतीच्या परीक्षेपर्यंत हे उदाहरण वेश बदलून येतच राहतं. कधी घंटांच्या जागी सिग्नलचे दिवे असतात, कधी गोल मैदानाला फेऱ्या मारणारे धावपटू, कधी एकाच स्थानकातून सुटणाऱ्या बस. उत्तर आहे २४ मिनिटांनी, म्हणजे ७ वाजून २४ मिनिटांनी.

आकडेमोड अर्ध्या मिनिटाची आहे. ६, ८ आणि १२ यांचा लसावि काढा असं सरळ सांगितलं, तर बहुतेक मुलं तो बिनचूक काढतात. हीच मुलं शाब्दिक उदाहरणापाशी अडतात आणि त्यांचा प्रश्न जवळपास नेहमी एकच असतो : ‘‘लसावि काढायचा की मसावि?’’ हा प्रश्न बावळटपणाचा नाही. उदाहरणातलं खरं गणित तोच आहे, बाकी सगळी भागाकाराची मजुरी.

या प्रश्नावर एक तोडगा सर्रास दिला जातो. ‘कमीत कमी’, ‘लहानात लहान’ असे शब्द दिसले की लसावि; ‘जास्तीत जास्त’, ‘मोठ्यात मोठी’ दिसले की मसावि. हा तोडगा मुलांना शिकवूच नये असं मला वाटतं, कारण त्याने मूल उदाहरण वाचायचंच सोडून देतं. शिवाय तो फसतो. १८ मीटर आणि २४ मीटर लांबीच्या दोन दोऱ्या आहेत. दोन्हींचे एकसारख्या लांबीचे तुकडे करायचे आणि काही उरता कामा नये. कमीत कमी किती तुकडे होतील? शब्द ‘कमीत कमी’ आहे, पण तुकडे कमी व्हायचे तर प्रत्येक तुकडा होईल तेवढा लांब हवा. म्हणून इथे मसावि : ६ मीटरचा एक तुकडा, पहिल्या दोरीचे ३ आणि दुसरीचे ४, एकूण ७. आता उलट बाजू पाहा. १२, १५ आणि १८ या तिन्हींनी पूर्ण भाग जाणारी मोठ्यात मोठी चार अंकी संख्या कोणती? शब्द ‘मोठ्यात मोठी’, पण काम लसाविचं. तिघांचा लसावि १८०. ९९९९ ला १८० ने भागलं तर बाकी ९९ उरते, ती वजा केली की ९९००.

मग ओळखायचं कसं? दिलेल्या संख्यांचं काय होतंय ते पाहायचं. घंटेच्या उदाहरणात ६ मिनिटं हे एक पाऊल आहे. पहिली घंटा ६, १२, १८, २४ अशी पावलं टाकत पुढे चालली आहे, दुसरी ८-८ ची पावलं टाकते आहे, आणि दोघींचं पाऊल एकाच ठिकाणी कुठे पडतं ते आपण शोधतो आहोत. दोरीच्या उदाहरणात १८ मीटर हे पाऊल नाही, ती सबंध वस्तू आहे आणि ती कापायची आहे. पाऊल पुन्हा पुन्हा पडत असेल तर लसावि, असलेली वस्तू कापायची किंवा वाटायची असेल तर मसावि. चार अंकी संख्येच्या उदाहरणातही १२, १५ आणि १८ ही पावलंच आहेत. फक्त पहिल्या भेटीऐवजी ९९९९ च्या अलीकडची शेवटची भेट विचारली आहे. लसाविचं उत्तर दिलेल्या सगळ्यांत मोठ्या संख्येएवढं किंवा तिच्याहून मोठं येतं, मसाविचं सगळ्यांत लहान संख्येएवढं किंवा तिच्याहून लहान. तीन घंटा पुन्हा २ मिनिटांनी एकत्र वाजतील असं उत्तर आलं, तर ६ मिनिटांची घंटा २ मिनिटांनी वाजेल कशी, एवढं विचारलं तरी चूक हाती लागते.

पावलांचा हा खेळ सगळ्यांत सुंदर ऐकू येतो तो तबल्यात. त्रितालाच्या मात्रा १६, एकतालाच्या १२, झपतालाच्या १०, रूपकाच्या ७. तबल्याचं स्वतंत्र वादन चालू असतं तेव्हा शेजारी पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा, म्हणजे एका आवर्तनाची तीच ती धून, वाजत असतो. त्रितालाचा लेहरा दर १६ मात्रांनी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि पुन्हा सुरू होतो. समजा वादकाने समेपासून १२ मात्रांचा एक बोल उचलला आणि तोच न थांबता परत परत वाजवत राहिला. पहिल्या वेळी बोल बाराव्या मात्रेला संपतो, लेहऱ्याच्या चार मात्रा अजून उरलेल्या असतात. दुसरा बोल तेराव्या मात्रेला सुरू होऊन सम ओलांडून जातो. दोन्हींची सुरुवात पुन्हा एकाच मात्रेवर येते ती ४८ मात्रांनी : लेहऱ्याची तीन आवर्तनं, बोलाच्या चार फेऱ्या. तोच बोल १० मात्रांचा घेतला तर ८० मात्रा लागतात, लेहऱ्याची पाच आवर्तनं. ७ मात्रांचा घेतला तर तब्बल ११२, म्हणजे सात आवर्तनं. जाणकार श्रोता मधल्या सगळ्या काळात मनातल्या मनात दोन पाढे एकदम चालवत असतो, आणि दोन्ही एका संख्येवर येतात त्या क्षणी त्याची मान हलते.

यात एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. बोल लहान होत गेला, १२ वरून १० वर, १० वरून ७ वर, तशी भेट लांब गेली. लहान पावलांनी भेट लवकर व्हावी असं वाटतं, पण भेट पावलाच्या लांबीवर ठरत नाही, दोन संख्यांमध्ये सामाईक काय आहे यावर ठरते. १६ म्हणजे चार वेळा २ चा गुणाकार. १२ म्हणजे २ × २ × ३. बाराजवळचे दोन्ही २ सोळाजवळ आधीच आहेत, ते पुन्हा मोजायचं कारण नाही. सोळाला फक्त एक ३ पुरवला की झालं : १६ × ३ = ४८. दहाजवळ ५ नवीन आहे, म्हणून १६ × ५ = ८०. सात आणि सोळा यांच्यात १ सोडून काहीच सामाईक नाही, म्हणून पूर्ण गुणाकारच करावा लागतो.

दोन संख्यांसाठी याचा एक सरळ नियम होतो. त्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या लसाविचा आणि मसाविचा गुणाकार. १६ × १२ = १९२, मसावि ४, म्हणून लसावि ४८. मात्र हा नियम दोनच संख्यांपुरता आहे. तीन घंटांवर तो चालवला तर ६ × ८ × १२ = ५७६, भागिले मसावि २, उत्तर २८८ येतं आणि ते साफ चुकीचं आहे. तीन संख्या असतील तर आधी दोघींचा लसावि काढावा आणि मग त्याचा तिसरीशी.

सामाईक काही नसेल तर भेट लांबते, हे कळल्यावर त्याचा उलटा उपयोगही करता येतो. दात्यांच्या दोन चाकांपैकी एकाला २० आणि दुसऱ्याला ४० दाते दिले, तर लहान चाकाचा प्रत्येक दाता आयुष्यभर मोठ्या चाकाच्या त्याच दोन दात्यांना घासत राहतो. एखादा दाता किंचित सदोष असला तर समोरचे तेवढेच दोन झिजतात. लहान चाकाला १९ दाते दिले की लसावि ७६० होतो. तीच जोडी पुन्हा समोरासमोर येण्याआधी लहान चाकाचे ४० फेरे होतात आणि प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो. झीज सारखी वाटली जाते.

निसर्गातही हा उलटा उपयोग दिसतो, असं म्हणतात. अमेरिकेत सिकाडा नावाच्या किड्यांच्या काही जाती जमिनीखाली १३ किंवा १७ वर्षं काढून एकाच हंगामात लाखोंनी वर येतात. १३ आणि १७ दोन्ही मूळ संख्या. दोन-तीन-चार वर्षांच्या चक्राने वाढणाऱ्या शत्रूशी गाठ क्वचित पडावी म्हणून ही चक्रं टिकली असावीत, असा एक तर्क आहे. तो पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण गणित त्याच्या बाजूने बोलतं. १२ वर्षांच्या चक्राची गाठ २, ३, ४ किंवा ६ वर्षांच्या चक्राशी दर खेपेला पडली असती. १३ आणि १७ यांचा लसावि २२१. इलिनॉय परिसरातल्या अशा दोन टोळ्या २०२४ मध्ये एकाच वर्षी बाहेर आल्या. त्याआधी त्या एकत्र आल्या होत्या १८०३ मध्ये, आता येतील २२४५ मध्ये.

आता पुन्हा तबल्याकडे, कारण तिथे शालेय उदाहरणांत सहसा न येणारी एक अट भेटते. तिहाईत एकच बोल तीनदा वाजवतात आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा आघात नेमका समेवर पडावा लागतो. त्रितालात समेपासून तिहाई सुरू केली आणि पुढच्या समेवर संपवायची, तर दोन्ही समा धरून मात्रा १७ होतात. ५ मात्रांचा बोल, एक मात्रा दम, पुन्हा बोल, दम, बोल : १५ आणि २ मिळून १७. जमलं. पण बेदम तिहाई हवी असेल, म्हणजे मध्ये श्वास घ्यायचाच नसेल, तर १७ ला ३ ने भाग जात नाही. दोन आवर्तनं घ्या, मात्रा होतात ३३. ११ मात्रांचा बोल तीनदा, आणि तेहेतिसाव्या मात्रेला सम. शोधायची होती ती संख्या अशी : ३ ने पूर्ण भाग जाणारी, पण १६ ने भागल्यावर १ बाकी ठेवणारी.

झपतालात हेच केलं तर २१ मात्रा आणि ७ चा बोल, रूपकात १५ मात्रा आणि ५ चा बोल. आणि एकतालात? १३, २५, ३७, ४९... यांतल्या एकाही संख्येला ३ ने भाग जात नाही, आणि पुढेही कधीच जाणार नाही. १२ ला ३ ने भाग जातो, त्यामुळे १२ च्या कोणत्याही पटीत १ मिळवला की ३ ने भागल्यावर १ उरणारच. समेवरून उचललेली बेदम तिहाई एकतालात मात्रांच्या हिशेबाने बसतच नाही, लय दुप्पट केली तरी नाही. वादकाला दम तरी घ्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या मात्रेवरून उचलावं लागतं.

इथे पाठ्यपुस्तकातल्या घंटांचं एक गुपित उघडं पडतं. ‘सकाळी सातला तिन्ही एकदम वाजल्या’ हे वाक्य आपण वाचून पुढे जातो, पण सगळा लसावि त्या एका वाक्यावर उभा असतो. सुरुवात एकत्र झालेली नसेल तर काय? एका स्थानकातून पहिल्या मार्गाची बस सातपासून दर १२ मिनिटांनी सुटते, दुसऱ्या मार्गाची ७ वाजून ६ मिनिटांपासून दर १८ मिनिटांनी. दोन्ही एकदम सुटतात ७ वाजून २४ मिनिटांनी, आणि त्यानंतर दर ३६ मिनिटांनी. आता दुसरी बस फक्त एक मिनिट आधी, ७ वाजून ५ मिनिटांनी सोडा. त्या कधीच एकदम सुटणार नाहीत. पहिलीची मिनिटं ६ च्या पाढ्यातली आहेत, दुसरीची नेहमी त्या पाढ्याच्या एक मिनिट अलीकडे पडतात. लसावि दोन्हीकडे ३६ च आहे, पण तो दोन भेटींमधलं अंतर सांगतो. पहिली भेट कधी, किंवा भेट होणार तरी का, हे तो सांगत नाही. ते ठरवतो मसावि : दोन्ही सुरुवातींमधल्या फरकाला १२ आणि १८ यांच्या मसाविने, म्हणजे ६ ने, भाग गेला तरच भेट.

तिहाईतल्यासारखी, भागाकारात अमुक बाकी उरावी अशा अटीची उदाहरणं भारतात फार जुनी आहेत. आर्यभटाच्या ग्रंथावर इ.स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने अशी संख्या विचारली आहे, जिला २, ३, ४, ५ आणि ६ ने भागल्यावर प्रत्येक वेळी १ उरतो, पण ७ ने पूर्ण भाग जातो. २ ते ६ यांचा लसावि ६०, म्हणून संख्या ६० च्या पटीपेक्षा १ ने जास्त हवी. ६१, १२१, १८१, २४१ या चौघींना ७ ने भाग जात नाही. ३०१ ला जातो. पुढची उत्तरं ४२० च्या अंतराने : ७२१, ११४१... कारण सातासह सगळ्यांचा लसावि ४२०. हेच उदाहरण फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथातही भेटतं.

याच घराण्यातलं एक उदाहरण मुलांना जरूर घालावं. २, ३, ४, ५, ६ ने भागल्यावर अनुक्रमे १, २, ३, ४, ५ बाकी उरते, अशी लहानात लहान संख्या कोणती? बाकी पाचही ठिकाणी वेगळी, त्यामुळे ते भयंकर दिसतं. पण प्रत्येक भागाकारात पूर्ण भाग जायला फक्त १ कमी पडतो आहे. १ मिळवला की संख्या ६० होते, म्हणून उत्तर ५९. बाकीकडे पाहण्याऐवजी तुटीकडे पाहिलं की सगळं एका ओळीत येतं.

बाकी सगळीकडे वेगळी आणि तूटही वेगळी असेल तर मात्र कुट्टक ही रीत लागते. आर्यभटाने ती दिली, दुसऱ्या भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत तिला स्वतंत्र प्रकरण दिलं. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. खानदेशात त्या काळी ही उदाहरणं शिकवली जात असणार, हे मला फार मोलाचं वाटतं.

या सगळ्या खटपटीमागे मुख्य गरज होती आकाशाची. चंद्राचा महिना सरासरी २९.५३०५९ दिवसांचा, ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं. या दोन संख्यांचा नेमका लसावि शोधून उपयोग नाही, पण ‘जवळपास’ लसावि सापडतो. २३५ चांद्रमास म्हणजे ६९३९.६९ दिवस, १९ वर्षं म्हणजे ६९३९.६० दिवस. फरक सुमारे दोन तासांचा. १९ वर्षांचे बारा-बाराप्रमाणे २२८ महिने होतात, म्हणून वरचे ७ अधिक मास. अथेन्सच्या मेटनचं नाव या चक्राला मिळालं, त्याचा काळ इ.स.पू. ४३२, आपल्या घरच्या पंचांगातही ते दिसतं. गणेश चतुर्थी २००५ साली ७ सप्टेंबरला होती, २०२४ सालीही ७ सप्टेंबरला. २००६ साली २७ ऑगस्टला, २०२५ सालीही २७ ऑगस्टला. अधिक श्रावण २००४ मध्ये आला होता आणि २०२३ मध्येही आला. ‘जवळपास’ या शब्दाची किंमतही इथेच मोजावी लागते : २००४ ची चतुर्थी १८ सप्टेंबरला होती, २०२३ ची १९ ला. तुमचा तिथीचा आणि तारखेचा वाढदिवस एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वर्षी सहसा एकाच दिवशी किंवा दिवसभराच्या फरकाने येतो.

प्रभवापासून क्षयापर्यंतची ६० संवत्सरंही अशीच. गुरूची राशिचक्रातली एक फेरी ढोबळमानाने १२ वर्षांची, शनीची ३० वर्षांची, लसावि ६०. नेमकं मोजलं तर गुरूच्या ५ फेऱ्यांना ५९.३ वर्षं लागतात, शनीच्या दोन फेऱ्यांना ५८.९. ढोबळ बारातली ही तूट साठत जाते. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर बाराऐवजी अकराच वर्षांनी २०२१ मध्ये भरला, तो गुरूच्या याच गतीमुळे.

आर्यभटाने हा प्रश्न उलट बाजूने धरला. ग्रहांच्या वेड्यावाकड्या कालावधींचा लसावि शोधत बसण्याऐवजी त्याने ४३,२०,००० वर्षांचं युग घेतलं आणि त्यात प्रत्येक ग्रहाच्या पूर्ण फेऱ्या किती होतात ते ठरवलं : चंद्राच्या ५,७७,५३,३३६, मंगळाच्या २२,९६,८२४, गुरूच्या ३,६४,२२४, शनीच्या १,४६,५६४. युग संपलं की सगळे पुन्हा आरंभस्थानी. म्हणजे युग हा रचलेला सामाईक विभाज्य आहे. पण तो लघुतम नाही. या सगळ्या संख्यांना ४ ने भाग जातो, आणि ४३,२०,००० व १,४६,५६४ यांचा मसाविच ४ आहे. म्हणून ग्रह खरे तर पाव युगानेच, १०,८०,००० वर्षांनी, पुन्हा एकत्र येतात. पुराणांतली चार युगं ४ : ३ : २ : १ या प्रमाणात लहान होत जातात. आर्यभटाने ती मोडून चारही पाद सारखे, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे केले. लसाविही नेमका तेवढाच येतो. आणि स्वतःचं वयही त्याने याच मोजणीत बसवून सांगितलं : तीन पाद पूर्ण झाले, चौथ्यातली साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० वर्षं उलटली, तेव्हा त्याच्या जन्माला २३ वर्षं झाली होती. ते वर्ष इ.स. ४९९.